नावाड्याची सात घरं

“काल तर बैल पांढरा हुता,” जैबुन म्हणाली आणि तिनं दातानं दोरा तोडला.

मी तिच्या खिडकीबाहेर गज धरून उभी होते. शाळा पाचला सुटायची. मुलाणी टेलरांचं घर शाळेच्या वाटेवरच होतं आणि त्यांच्या आतल्या खोलीची एक खिडकी बोळात उघडायची. आत चटईवर बसून जैबुन काजं-बटणं करायची आणि बाहेर उभी राहून मी तिला गोष्ट सांगायची. गेले सात महिने हे असंच चाललं होतं.

“तांबडाच हाय,” मी म्हणाले. “दिवस मावळताना अंगणात येऊन उभा ऱ्हातो त्यो तांबडा बैल.”

“काल तू म्हणालीस, अंधार पडला तरी त्यो दिसत हुता. पांढरा हुता म्हणून दिसत हुता.”

थाप पकडली जायची वेळ आली की माझे कान तापतात. अजूनही तापतात. “मग छपाईची चूक असंल,” मी म्हणाले. “जुनं पुस्तक हाय. असत्यात चुका.”

“असंल,” जैबुन म्हणाली. तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. मी तिकडं काणाडोळा केला आणि तांबड्या बैलाला पुढं हाकलं.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. कृष्णाकाठच्या निंबळगावात मी दहावी ‘ब’मध्ये होते, आणि गावातली नंबर एकची थापाडी होते. थापा मारल्यावर मला पश्चात्ताप वगैरे कधी झाला नव्हता. ही एक थाप मात्र मानेवर बसली होती, आणि ती उतरवायची कशी ते मला कळत नव्हतं.

जैबुन आणि मी नववीपर्यंत एका बाकावर बसायचो. नववीनंतर तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढलं. शाळा सुटल्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही, उलट गणितातून सुटले म्हणायची. तिच्या मनाला लागून राहिला होता तो शुक्रवारचा ग्रंथालयाचा तास.

आमचं ग्रंथालय माडीवर होतं. लांबट खोली, मधोमध एक टेबल, पश्चिमेला चार खिडक्या. दुपारी खिडक्यांतून ऊन यायचं आणि टेबलावरून सरकत सरकत भिंतीकडे जायचं. माघ-फाल्गुनात गावात हळद शिजायची, तिचा वास त्या उन्हाबरोबर आत यायचा आणि वाचता वाचता डोळे मिटायला लागायचे. भिंतीला तीन कपाटं होती. पहिल्यात क्रमिक पुस्तकं आणि शब्दकोश, दुसऱ्यात चरित्रं आणि मासिकांचे बांधीव अंक. ही दोन्ही कपाटं जैबुननं नववीच्या दिवाळीपर्यंत वाचून संपवली होती. तिसरं कपाट कधीच उघडलं जात नव्हतं.

ते गावच्या एका जुन्या वकिलांनी शाळेला दिलेलं होतं. दीडएकशे पुस्तकं, सगळी कथा-कादंबऱ्यांची. लाल, हिरव्या, निळ्या कापडी बांधणीची, पाठीवर सोनेरी अक्षरं. आमचे ग्रंथपाल मगदूम सर त्या कपाटाच्या बरोबर समोर खुर्ची टाकून बसायचे आणि कुणीही पुस्तक मागितलं की एकच सांगायचे, “किल्ली हरवली आहे.”

म्हणून आम्ही काचेला नाक लावून नुसती नावं वाचायचो. कोणत्या पुस्तकात काय असेल यावर पैजा लावायचो. दोघींचं आवडतं पुस्तक एकच होतं. दुसरा कप्पा, डावीकडून पाचवं, गडद हिरवं. ‘नावाड्याची सात घरं’.

तिची शाळा सुटल्यावर जुलैत एकदा जैबुननं खिडकीतून विचारलं, “काय नवं गं तिकडं?” ती पुस्तकांविषयी विचारत होती. तिच्या मांडीवर कुणाचं तरी परकर-पोलकं होतं, आणि चेहरा असा झाला होता, की काहीच नवं नाही असं मला सांगवेना.

“सरांना किल्ली घावली,” मी म्हणाले.

तिची सुई थांबली. “तिसऱ्या कपाटाची?”

“व्हय. पण फक्त दहावीच्यांना. आनि तितंच बसून वाचायचं, घरी न्यायचं न्हाई.”

“मग तू ‘नावाडी’ घेतलंस?”

“घेतलं.”

“सांग की मग.”

मी सांगायला लागले. एक नावाडी होता आणि नदीकाठच्या सात गावांत त्याची सात घरं होती. तो रोज वेगळ्या घरी मुक्कामाला जायचा. त्याचं खरं घर कोणतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या घराला दार नव्हतं, शिडी लावून वरून उतरावं लागायचं, आणि उतरलेला माणूस आत गेल्यावर शिडी कुणी काढली हे कधी विचारत नसे. दुसऱ्या घरात एक म्हातारी पाण्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांसाठी भाकऱ्या थापायची. तिसऱ्याच्या अंगणात तो बैल यायचा. चौथ्या घराची जमीन वाळूची होती आणि रोज सकाळी तिच्यावर नवी पावलं उमटलेली असायची, फक्त आत येणारी. पाचव्या घरात सगळे हळू बोलायचे, कारण पलीकडच्या खोलीत कुणीतरी बारा वर्षं झोपलं होतं. सहाव्या घरापुढं मांडव तसाच उभा होता, कारण नवरी पाण्याला गेली होती ती आली नव्हती.

हे सगळं कुठून यायचं ते विचारू नका. खिडकीशी येईपर्यंत माझ्याकडे काही नसायचं. जैबुन सुईत दोरा ओवायची, वर बघायची आणि “मग?” म्हणायची. त्या “मग”पाशी नाव आपोआप हलायची. घरं संपली की आम्ही परत मागच्या घरांत जायचो. त्या दिवशी बैलाचा घोटाळा झाला तो असाच.

कधीकधी ती ग्रंथालयाचंही विचारायची. पुस्तकांच्या कार्डांवर लेखकाचं आडनाव आधी का लिहितात, हे मी तिला एकदा समजावलं होतं. ती खूप हसली होती. “म्हणजे मी मुलाणी, जैबुन. मदी दम खायचा आनि मग आपलं नाव सांगायचं.”

बैलाचा रंग बदलला त्याच संध्याकाळी, मी निघाले तेव्हा, ती म्हणाली, “वत्से, माझं ठरलं.”

“काय?”

“निकाह. पुढच्या रविवारी. विजापूरकडं, इंडीच्याबी पलीकडं. लई आतलं गाव हाय.”

ती काज करतच होती. “तिकडं समदं कानडी,” ती म्हणाली. “दुकानाच्या पाट्या कानडी, एस्टीच्या पाट्या कानडी. मावशी सांगत हुती, मराठी अक्षर दिसायचं न्हाई तितं. सातवं घर ऱ्हायलं न्हवं का गं?”

“सांगते की. उद्या सांगते.”

“सांगू नगंस. पुस्तक आण. सरांना सांग, जैबुन चालली. एकदा हातात धरू द्या म्हणावं. सातवं घर मी माझं मी वाचीन.” आणि मग खाली बघत म्हणाली, “तेवढं एक कर. मी पुन्हा काय मागायची न्हाई तुझ्याकडं.”

घरी जाताना डोक्यात एकच होतं. पुस्तक आणलं नाही तर सात महिने मी तिला फसवलं हे तिला कळणार, आणि तेच घेऊन ती त्या परक्या मुलखात जाणार. तिला तिथं माझी आठवण येईल तेव्हा ही थाप आधी आठवेल. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर मी माडीवर गेले. मगदूम सर तिसऱ्या कपाटाची काच पुसत होते. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. रोज पुसायचे. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, चालले तरी पायांचा आवाज नसायचा. वर्षभरात निवृत्त होणार होते.

“सर, या कपाटाची किल्ली...”

“हरवली आहे.”

“काचेच्या पट्ट्या खिळ्यांच्या आहेत, सर. काढून परत बसवता येतील. मी सुताराला...”

“शिंत्रे, तुझी परीक्षा आली आहे. अभ्यासाला लाग.”

मग मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. जुलैतली थाप, खिडकी, सहा घरं, इंडीच्या पलीकडचं गाव. सांगता सांगता रडायलाही आलं. सर फडकं हातात घेऊन ऐकत होते.

“सात महिने?” ते म्हणाले. “पुस्तक न उघडता?”

“हो सर.”

“काय सांगायचीस?”

मी पहिलं घर सांगितलं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, पण बसले नाहीत. दुसरं सांगितलं. ऊन खिडकीतून आत उतरलं. तिसऱ्या घराचा बैल मी पांढराच ठेवला. चौथ्या घराच्या वाळूपाशी आले तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या गळ्यात हात घातला आणि काळ्या दोऱ्यात ओवलेली एक किल्ली बाहेर काढली.

“ते दार लावून घे,” ते म्हणाले.

कपाट करकरत उघडलं. सर बाजूला झाले. मी दुसऱ्या कप्प्यात हात घातला, डावीकडून पाचवं पुस्तक धरलं आणि ओढलं. ते इतकं हलकं होतं की माझा हात झटक्यात छातीशी आला. हातात हिरवी पाठ होती, दोन्ही बाजूंचे पुठ्ठे होते, आणि मधून भुसभुशीत माती माझ्या पायांवर सांडली. मी शेजारचं काढलं. त्याचंही तसंच. समोरून सगळी पुस्तकं ओळीनं उभी होती, सोनेरी अक्षरं चकाकत होती, आणि मागं भिंतीपर्यंत नुसती माती.

“वाळवी,” सर म्हणाले. “भिंतीतून आली. मागची फळी खाल्ली आणि आत शिरली. पुढं काचेकडे उजेड असतो, तिकडे ती येत नाही.”

“कधी झालं, सर?”

“सहा वर्षांपूर्वी. सौभाग्यवतींचं दुखणं काढायला मी दोन महिने रजेवर होतो, ऐन पावसाळ्यात. परत आलो, कपाट उघडलं आणि लगेच पुन्हा लावलं.” ते आता खुर्चीत बसले. “मुख्याध्यापकांना उद्या सांगू म्हटलं. मग परवा. वर्ष गेल्यावर कोणत्या तोंडानं सांगणार? उरलेल्या दोन कपाटांच्या मागं दर महिन्याला औषध मारतो. वाळवी तिकडे गेली नाही. पण हे कपाट माझ्या हातून गेलं.”

“मग रोज काच का पुसता?”

“मुली येऊन नावं वाचतात ना,” ते म्हणाले. “तेवढं तरी वाचायला नीट दिसावं.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. एका अट्टल खोटारडीला दुसरा भेटला होता, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी दुःखी होता. मी माती गोळा करायला लागले. सर म्हणाले, “राहू दे.” मग त्यांनी ते हिरवं कवच माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं केलं, पाठीवरची अक्षरं बोटानं पुसली.

“पाठ शाबूत आहे,” ते म्हणाले. “पुठ्ठे शाबूत आहेत. फक्त मधलं नाही. मधलं तुझ्याकडे आहे.”

सोमवारपासून तीन दुपारी मी ग्रंथालयात बसून लिहिलं. सरांनी कोऱ्या कागदांचे ताव त्या पुठ्ठ्यांच्या मापानं कापून दिले. दहावीच्या मुली अभ्यासाला यायच्या, त्यांना वाटायचं मी प्रश्नोत्तरं उतरवते आहे. खोली उबदार असायची, हळदीचा वास असायचा, पंख्याखाली कुणीतरी पेंगत असायचं. मी लिहीत असताना कागदावर जैबुनचं “मग?” ऐकू यायचं आणि पुढची ओळ यायची. एकदा तर मी मान वर केली तेव्हा समोर खिडकीचे गज दिसले आणि मी आत आहे की बाहेर, हे क्षणभर कळेना.

सहा घरं उतरली. सातवं येईना. मी घराला तळं दिलं, जिना दिला, नावाड्याला आंधळं केलं, पण नाव काठाला लागेना. बुधवारी संध्याकाळी मी सरांना म्हणाले, “सातवं मला माहीतच नाही, सर. ती समोर असती तर आलं असतं.”

“मग आठ पानं कोरी ठेवू,” सर म्हणाले.

गुरुवारी त्यांनी पुस्तक बांधलं. चिकटवायला पिठाची खळ घरून डब्यात आणली होती. त्यांची बोटं इतकी सफाईनं चालत होती की मी बघत बसले. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत त्यांनी तारखांची चिठ्ठी चिकटवली. मग पहिलं पान पुढं ओढून वळणदार अक्षरात पुस्तकाचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

“लेखक?”

पाठीवर लेखकाचं नाव नव्हतंच. दाखल नोंदवहीत वकिलांच्या कारकुनानं नुसती पुस्तकांची नावं लिहिली होती.

“अज्ञात लिहा, सर.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “अज्ञातच लिहू?”

“हो सर.”

त्यांनी लिहिलं. मग देवघेवीची वही उघडली. मी म्हटलं, “ती आता शाळेत नाही. तिच्या नावावर कसं देणार?”

“तिनं शाळा सोडल्याचा दाखला अजून नेलेला नाही,” सर म्हणाले. “म्हणजे कागदोपत्री ती आपलीच आहे.” त्यांनी लिहिलं, मुलाणी, जैबुन. चिठ्ठीवर शिक्का मारला. “चौदा दिवस. मुदत वाढवायची असेल तर पुस्तक समोर आणावं लागेल, हे तिला सांग. पुस्तक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मुदत वाढवत नाही.”

“सर, ती इंडीच्या पलीकडे...”

“नियम सांगायचं माझं काम,” ते म्हणाले आणि फडकं घेऊन काचेकडे वळले.

शुक्रवारी मुलाण्यांच्या घरात पाहुणे भरले होते. जैबुन खिडकीशी आली तेव्हा तिचे दोन्ही हात मेंदीनं भरलेले होते. पुस्तक गजांमधून आडवं जाईना. मी उभं केलं, तसं गेलं. तिनं ते मनगटांवर झेललं आणि दोन्ही कोपरांनी छातीशी धरलं.

“ही नक्कल हाय,” मी घाईघाईनं म्हणाले. हे वाक्य मी रस्ताभर घोकलं होतं. “आतली पानं वाळवीनं खाल्ली. म्हणून सरांनी माझ्याकडनं उतरवून घेतली.”

“तुझं अक्षर वळखलं की मी.”

“आनि सातवं घर न्हाई. ती पानं मूळ पुस्तकातच कोरी हुती.”

जैबुननं माझ्याकडे सरळ पाहिलं. “छपाईची चूक,” ती म्हणाली.

“व्हय.”

ती हसली नाही. तिनं मान वाकवून पुस्तकाचा वास घेतला. खळ अजून ओली होती. मग तिनं मनगटानं मागचा पुठ्ठा उलटला आणि चिठ्ठी पाहिली. “किती दिवस?”

“चवदा. मुदत वाढवायची तर पुस्तक घेऊन यायला लागंल. सरांचा नियम हाय.”

“आणीन की,” ती म्हणाली. आतून तिला कुणीतरी हाक मारली. ती गेली. खिडकी तशीच उघडी राहिली.

मी बोळ ओलांडला आणि शाळेच्या कुंपणापाशी बसून रडले. ती चालली म्हणून रडले, आणि शेवटच्या भेटीतही मी तिच्याशी खोटंच बोलले म्हणून जास्त रडले. तिनं विश्वास ठेवला होता. तो विश्वास मला फार वर्षं टोचत राहिला.

मगदूम सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. जाण्यापूर्वी त्यांनी मुख्याध्यापकांपुढं तिसरं कपाट स्वतः उघडलं, असं मला नंतर कळलं. चौकशी झाली, ती त्यांनी निमूटपणे सोसली. पुढं मी ग्रंथालयशास्त्र शिकले आणि फिरत फिरत त्याच शाळेत, त्याच खुर्चीवर येऊन बसले. तिसऱ्या कपाटात आता नवी पुस्तकं आहेत. त्याला कुलूप नाही. जैबुनच्या घरच्यांनी दुकान मोडून गाव सोडलं होतं, आणि तिचा पत्ता कुणाकडे नव्हता.

एकतीस वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, एक तरुण बाई माडी चढून आली. डोक्यावरून ओढणी, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. टेबलाशी उभी राहून तिनं विचारलं, “ग्रंथपाल तुम्हीच का? मला मुदत वाढवून पाहिजे होती.”

“कोणत्या वर्गातल्या मुलीचं पुस्तक आहे?”

“आईचं आहे,” ती म्हणाली. “सांगलीला लग्नाला आलो होतो. आई म्हणाली, निंबळगावच्या शाळेत जाऊन मुदत वाढवून आण. पुस्तक समोर न्यावं लागतं, नाहीतर वाढवत नाहीत म्हणाली.”

तिनं कापड सोडलं. हिरवा रंग उडाला होता, कोपऱ्यांना चिकटपट्ट्या लागल्या होत्या. पाठीवरची सोनेरी अक्षरं मात्र वाचता येत होती. मी पुस्तक हातात घेतलं. ते जड होतं.

“आई बरी आहे?” मी विचारलं.

“बरी आहे. मोतीबिंदू झालाय. पुढच्या महिन्यात काढतील.”

मी सवयीनं आधी मागचा पुठ्ठा उलटला. सरांच्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्याखाली तिसरी, मग पुस्तकाबाहेर लोंबणारी एक लांब पट्टीच. सगळ्यांवर हातानं तारखा आणि नावं लिहिलेली. पटेल, शहनाज. कांबळे, सुनंदा. बागवान, मुमताज. हत्तरकी, शकुंतला. प्रत्येक हस्ताक्षर निराळं, आणि प्रत्येकीचं आडनाव आधी.

“या कोण?”

“आमच्या गावात आणि आजूबाजूला महाराष्ट्रातून दिलेल्या सुना,” मुलगी म्हणाली. “सोलापूरच्या, मिरजेच्या, जतच्या. आई चौदा दिवसांसाठी द्यायची. एक दिवस उशीर झाला तरी घरी जाऊन आणायची.”

मी पहिलं पान उघडलं. सरांच्या वळणदार अक्षरातलं ‘अज्ञात’ एका सरळ रेघेनं खोडलेलं होतं. त्याच्याखाली जैबुनच्या नववीतल्या अक्षरात लिहिलं होतं : शिंत्रे, वत्सला. इयत्ता दहावी ब.

ऊन टेबलावर आलं होतं. मी कोऱ्या पानांपर्यंत गेले. आठांपैकी एकाच पानावर लिहिलेलं होतं, आणि खाली तारीख होती, तिच्या निकाहच्या आदल्या दिवसाची.

‘सातव्या घराला दार हाय, पण त्यातनं जायची सोय न्हाई. खिडकी हाय. रोज पाच वाजता नावाडी खिडकीशी येतो, गज धरून उभा ऱ्हातो आनि पलीकडच्या गावांचं सांगतो. तो खोटं सांगतो, हे आतल्या बाईला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय. बैलाचा रंगसुदा त्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. पण ती बोलत न्हाई. बोलली तर तो यायचा बंद हुईल. एकदाच तिच्या तोंडातनं गेलं, तर तिला रातभर झोप आली न्हाई. हेच त्याचं खरं घर. त्याला म्हाईत न्हाई.’

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

“ठेवून घेणार का तुम्ही?” तिनं जरा घाबरत विचारलं. “आई म्हणाली, ठेवून घेतो म्हणाले तर घेऊ देत. पण अजून दोघी नंबरला आहेत म्हणून सांग. एक तर बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिचं दोनदा हुकलंय.”

“नाही,” मी म्हणाले. “नियमाप्रमाणे पुस्तक समोर आणलं आहे. मुदत वाढेल.”

मी शिक्क्याची तारीख फिरवली, तो शाईवर टेकवला, आणि सरांच्या शिक्क्याशेजारी जागा शोधून मारला. चौदा दिवस. मग विचारलं, “त्या दोघींची नावं काय?”

तिनं सांगितली. मी ती पट्टीवर ओळीनं लिहिली, आणि त्यांच्या खाली तिसऱ्या नंबरला माझं नाव लिहिलं, आडनाव आधी.